निघण्याचे कारण

वसईच्या खाडीच्या दक्षिण काठावरचे मीरा-भाईंदर शहर म्हणून फार जुने नाही. १९८५ साली येथे नगरपरिषद आली आणि २००२ साली महापालिका. १९९१ च्या जनगणनेत येथील लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांवर पोहोचली आणि २०११ मध्ये आठ लाख नऊ हजारांवर. त्याआधीचे भाईंदर म्हणजे खाडीकाठची मिठागरे, भातखाचरे, आगऱ्यांची गावे, उत्तन-चौक-पालीचे कोळीवाडे आणि घोडबंदरचा किल्ला. या गावांतल्या मुलाला शाळेपुढे शिकायचे तर गाव सोडून जावे लागे, कारण जवळपास महाविद्यालय नव्हते. पुढे शहर झपाट्याने वाढले तेव्हाही आधी इमारती उभ्या राहिल्या आणि महाविद्यालये मागाहून आली. शिकणे आणि निघणे या दोन गोष्टी येथे दीर्घकाळ एकमेकींपासून वेगळ्या करता येत नव्हत्या. विद्यार्थी प्रवास का करतो, हा प्रश्न तपासायला म्हणूनच खाडीचा हा काठ आणि त्याच्या आसपासचा मराठी मुलूख योग्य ठरतो.

या प्रश्नाचा अभ्यास पर्यटनशास्त्रात गेली पन्नास वर्षे चालू आहे. १९७७ मध्ये ग्रॅहॅम डॅन यांनी माणसाला घरातून ढकलणाऱ्या आणि दूरच्या ठिकाणाकडे ओढणाऱ्या प्रेरणा वेगळ्या करून दाखवल्या. १९७९ मध्ये जॉन क्रॉम्प्टन यांनी नऊ हेतूंची यादी मांडली. रोजच्या जगण्यातून सुटका, स्वतःचा शोध, विश्रांती, प्रतिष्ठा, नात्यांची जवळीक, नावीन्य, शिक्षण असे हेतू तिच्यात आहेत. त्याच सुमारास, १९८० मध्ये, खेर्ट हॉफस्टेड यांनी देशोदेशींच्या संस्कृतींची तुलना करणारा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि व्यक्तीला प्राधान्य देणारे समाज व समूहाला प्राधान्य देणारे समाज अशी विभागणी रूढ झाली. या दोन धाग्यांची गाठ मारून पुढे विद्यार्थ्यांना प्रश्नावल्या दिल्या गेल्या आणि अमुक संस्कृतीतला विद्यार्थी स्वातंत्र्यासाठी निघतो, तमुक संस्कृतीतला कुटुंबासाठी किंवा करिअरसाठी, असे निष्कर्ष निघू लागले. हे अभ्यास निरुपयोगी नाहीत. पण विद्यार्थी जे कारण सांगतो तेच त्याच्या संस्कृतीचा स्वभाव, असे ते धरून चालतात. मराठी मुलखाचा इतिहास वेगळे काही सांगतो. जग पाहण्याची ओढ विद्यार्थ्याच्या मनात उपजते. ती कोणत्या कारणाच्या नावाने बोलून दाखवायची, हे मात्र त्याला घराबाहेर पडू देणारे लोक ठरवतात. परवानगी देणारा बदलला की कारणही बदलते.

खाडीच्या पलीकडच्या काठापासूनच सुरुवात करता येईल. सोळाव्या शतकात वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांची सत्ता होती आणि येशूसंघीयांची शाळा होती. १५५६-५७ च्या सुमारास वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया या शाळेत शिकला. वडील पोर्तुगीज, आई वसईकडची. तरुण वयातच तो येशूसंघीयांबरोबर जपानला गेला, तिथली भाषा शिकला, पुढे व्यापारात पडला, मग मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला पोहोचला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे इतर पंचवीस जणांबरोबर त्याला क्रूसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले. संत म्हणून त्याची कथा वसईच्या गावागावांत सांगितली जाते. येथे महत्त्वाची आहे ती तिची सुरुवात. खाडीकाठच्या एका मुलाला त्या काळी पूर्व आशिया गाठता आला, कारण त्याच्या शाळेचे जाळे तिथवर पसरले होते. धर्मसेवा हे त्या जाळ्यातून जाण्याचे मान्य कारण होते. त्याच माणसाने मधली काही वर्षे व्यापार केला, यावरून त्या एका कारणाच्या आत किती गोष्टींना जागा होती ते दिसते.

देशावर आणि कोकणात याच्याशी समांतर अशी वाट काशीची होती. वेद, व्याकरण, न्याय शिकायला मराठी ब्राह्मणांची मुले शतकानुशतके काशीला जात. वाटेत ओळखीची घरे, तिथे अन्नछत्रे, मधुकरी, मराठी पंडितांची वस्ती असा सगळा आधार तयार होता. काशीला जातो म्हणणाऱ्या मुलाला अडवणे घरच्यांना अवघड होते, कारण त्या एका शब्दात विद्या आणि पुण्य दोन्ही येत. ही परवानगी किती ताणता येते हे धर्मानंद कोसंबींनी दाखवले. गोव्यातल्या सांकवाळचा हा तरुण १८९७ च्या सुमारास ‘बालबोध’ मासिकातले बुद्धचरित्र वाचून झपाटला आणि १८९९ च्या अखेरीस पत्नी आणि तान्ही मुलगी मागे ठेवून निघाला. आधी पुणे, मग ग्वाल्हेर, मग काशी. काशीत अन्नछत्राच्या आधाराने त्याने संस्कृत शिकून घेतले. पण त्याला जे हवे होते ते काशीच्या पुढे होते. १९०२ मध्ये तो नेपाळला गेला, तिथून बोधगयेला आणि मग थेट सिंहलद्वीपात, म्हणजे आजच्या श्रीलंकेत. तिथे पाली शिकला, भिक्षू झाला, पुढे ब्रह्मदेशात राहिला. १९१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाने ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाच्या कामासाठी त्याला अमेरिकेला बोलावले. जुन्या, मान्य वाटेवर पाऊल टाकून हा विद्यार्थी अशा ठिकाणी पोहोचला जिथे त्या वाटेने जाणाऱ्या कोणाला जायचे नव्हते. काशी ही त्याच्यासाठी पहिली पायरी ठरली. ही पायरी ज्यांना बंद होती, म्हणजे सगळ्या मुली आणि ब्राह्मणेतर मुले, त्यांच्यातले किती कोसंबी घरातच राहिले याची नोंद कुठेही नाही.

मुलींसाठी अशी तयार वाट नसताना निघणे म्हणजे काय, याचा सर्वांत स्पष्ट दस्तऐवज ठाणे जिल्ह्यातल्याच एका मुलीने मागे ठेवला आहे. १८६५ मध्ये जन्मलेल्या, कल्याणच्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकायला अमेरिकेस जायला निघाल्या तेव्हा त्यांचे पती गोपाळराव टपाल खात्यात बंगालमध्ये श्रीरामपूरला होते. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी तिथल्या कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले आणि लोक आपल्याला विचारत असलेल्या सहा प्रश्नांची उत्तरे दिली. अमेरिकेला का जाता, हिंदुस्थानात शिकायची सोय नाही का, एकट्या का जाता, परत आल्यावर जातीबाहेर टाकतील त्याचे काय, तिकडे संकट आले तर काय कराल, आणि कुठल्याही बाईने जे केले नाही ते तुम्हीच का करता, असे ते प्रश्न. विद्यार्थ्यांच्या प्रवासहेतूंवर पाश्चात्त्य विद्यापीठांतून प्रश्नावल्या निघण्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी एका जेमतेम अठराच्या उंबरठ्यावरच्या मराठी मुलीने आपल्या हेतूंची उलटतपासणी भर सभेत सहन केली. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून निघाल्या, जूनच्या आरंभी न्यूयॉर्कला उतरल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजची पदवी त्यांच्या हाती पडली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

हे सहा प्रश्न नीट पाहिले तर एक गोष्ट चटकन डोळ्यांत भरते. त्यांत पैशाबद्दल एकही नाही. गोपाळरावांच्या तुटपुंज्या पगारात ही सफर भागणारी नव्हती आणि वर्गणीही जमवावी लागली. तरी सभेतल्या माणसांची शंका खर्चाबद्दल नव्हती. ती होती एकटेपणाबद्दल, जातीबद्दल, परत येण्याबद्दल आणि पायंडा मोडण्याबद्दल. सगळा प्रश्न शेवटी ऐपतीचाच असतो, गरीब समाजातला विद्यार्थी कारण शोधत बसतो आणि श्रीमंताला त्याची गरज पडत नाही, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. त्याला उत्तर या सभागृहातच मिळते. पैसा लागतोच, पण पैसा ही परवानगीची फक्त एक बाजू आहे. आनंदीबाईंच्या उत्तरांमधून जे कारण सर्वांत भक्कम ठरले ते देशातल्या स्त्रियांना स्त्री-डॉक्टर हवी हे. ते खोटे मुळीच नव्हते; त्या त्यासाठीच शिकल्या. पण समाजाला मान्य होईल असे तेवढे एकच कारण त्यांच्यापाशी होते, आणि एका तरुणीला जग पाहावेसे वाटते, हे कारण म्हणून पुढे करण्याची सोय त्या सभागृहात नव्हती.

मनातला हेतू वेगळा होता हे कशावरून, न बोललेले ओळखल्याचा दावा इतिहासकाराने करावा का, अशी शंका येथे रास्त आहे. म्हणून मनात न शिरता, प्रवासातून जे परत आले आणि कागदावर उतरले तेवढेच पाहू. पंडिता रमाबाई १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या त्या वैद्यक शिकायचे म्हणून. ऐकू कमी येत असल्याने ते जमले नाही. १८८६ मध्ये त्या अमेरिकेला गेल्या त्या आनंदीबाईंच्या पदवीदानाला हजर राहण्यासाठी. ही दोन्ही कारणे नेमकी आणि मर्यादित होती. १८८९ मध्ये मात्र त्यांनी युनायटेड स्टेट्‌सच्या लोकस्थितीवर मराठीत एक आख्खे पुस्तक लिहिले, आणि त्यात तिथली राज्यव्यवस्था, शाळा, स्त्रियांच्या संस्था आणि लोकांचे राहणीमान बारकाईने मांडले. एवढे पाहायला कोणी त्यांना पाठवले नव्हते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेले. ठरलेले विषय शिकायचे आणि परतल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करायची, असा करार त्यांनी केला होता. परदेशच्या वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती आणि बडोद्याच्या स्थानकावर उतरून कुठे राहायचे हा प्रश्न पडला तेव्हा ती पुन्हा जागी झाली, असे त्यांनी पुढे आठवणींत नोंदवले. करारात अर्थशास्त्र होते. माणूस म्हणून वावरण्याचा अनुभव कोणत्याही करारात लिहिलेला नव्हता. सांगितलेल्या कारणाहून जास्त काही प्रवासातून मिळते, हे सिद्ध करायला मनकवडेपणाची गरज पडत नाही. प्रवास करणाऱ्यांनी ते स्वतःच लिहून ठेवले आहे.

परवानगी देणाऱ्यांची संख्या वाढली तशी कारणेही वाढली. बडोदे संस्थानने आपल्या चाकरीची अट घातली, तर लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्त्यांची अट नेमकी उलटी होती: घेणाऱ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी करायची नाही. विनायक सावरकर १९०६ मध्ये अशा शिष्यवृत्तीवर कायदा शिकायला लंडनच्या ग्रेज इन या वकिलीच्या संस्थेत दाखल झाले. दहा वर्षांनी आंबेडकरांनीही त्याच ग्रेज इनमध्ये नाव नोंदवले. भाषा एक, प्रांत एक, वकिलीचे शिक्षणही एक. निघण्याची कारणे मात्र पाठवणाऱ्यांनी ठरवलेली आणि एकमेकांच्या विरुद्ध टोकांची. त्याच काळात राजर्षी शाहूंनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी केली, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढून १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र बोर्डिंग सुरू केले. शेतकऱ्याचा मुलगा गाव सोडून शहरात राहू शकतो, तिथे परजातीच्या मुलाबरोबर स्वयंपाक करून जेवू शकतो, ही गोष्ट बोर्डिंग उभे राहीपर्यंत कोणाच्या कल्पनेत नव्हती. बोर्डिंग आले आणि ‘शिकायला जातो’ हे वाक्य हजारो घरांत पहिल्यांदा उच्चारता आले. मराठी संस्कृतीचा स्वभाव पंचवीस वर्षांत पालटला, असे म्हणणे कठीण आहे. पालटली ती व्यवस्था.

इतर देशांच्या इतिहासाची साक्षही याच दिशेने जाते. सतराव्या-अठराव्या शतकांत इंग्लंडच्या उमरावांची मुले फ्रान्स-इटलीच्या लांबलचक सफरीवर जात. बरोबर शिक्षक असे आणि कारण अभिजात शिक्षणाचे. जर्मनीत बर्लिनजवळच्या श्टेगलिट्स गावी १९०१ मध्ये शाळकरी मुलांच्या रानभटकंतीची ‘वान्डरफोगल’ ही चळवळ उभी राहिली. व्यक्तिस्वातंत्र्याचे उदाहरण म्हणून तिचे नाव घेतले जाते, पण विद्यार्थ्यांना स्वतःची संघटना काढता येत नसल्याने ती मोठ्या माणसांच्या समितीच्या नावावर स्थापन करावी लागली होती. जपानमध्ये आजही शाळेची मुले ‘शूगाकु र्योको’ नावाच्या सामूहिक सहलीला जातात आणि समूहनिष्ठ संस्कृतीचा नमुना म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाते. तिचा आरंभ शोधला तर १८८६ सापडते, टोकियोच्या अध्यापक विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना कवायत आणि निरीक्षण यांसाठी चिबाच्या किनाऱ्याकडे चालवत नेले होते, ते वर्ष. मेइजी काळातल्या शिक्षणव्यवस्थेने आखलेली ती कृती होती. सव्वाशेहून अधिक वर्षांनी ती जपानी मनाची खूण म्हणून ओळखली जाते.

तरीही संस्कृतीचा काहीच वाटा नाही, असे म्हणणे टोकाचे होईल, आणि प्रश्नावल्यांतून दिसणारे फरक खोटेही नसतात. पुण्यातल्या आणि म्युनिकमधल्या विद्यार्थ्याला सहलीचे कारण विचारले तर उत्तरे वेगळी येतीलच. प्रश्न आहे तो हा फरक स्थिर मानायचा की इतिहासाने घडवलेला. १८८३ मध्ये एकट्या मुलीचे समुद्रापार जाणे हा जातीबाहेर पडण्याचा प्रश्न होता. आज ठाणे जिल्ह्यातल्या अनेक घरांतून मुली एकट्याच शिकायला परदेशी जातात आणि शेजारी पेढे मागतात. भाषा तीच, सण तेच, आडनावेही तीच. स्वभाव स्थिर असता तर एवढ्या थोड्या पिढ्यांत हे घडले नसते. संस्कृती ही परवानग्यांची साठवण आहे असे मानले तर मात्र हा बदलही समजतो आणि आजचे फरकही समजतात.

आता भाईंदरकडे परत येऊ, कारण परवानगीची सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी दखल घेतली गेलेली व्यवस्था येथून रोज धावते. १८६७ च्या एप्रिलमध्ये बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया (बीबीसीआय) रेल्वेने विरार ते बॅकबे अशी गाडी सुरू केली, तेव्हा मुंबई विद्यापीठ अवघे दहा वर्षांचे होते आणि त्याची मुंबईतली महाविद्यालये बेटाच्या दक्षिण भागात एकवटलेली होती. १९२८ मध्ये कुलाबा ते बोरिवली विजेची गाडी आली आणि १९३६ मध्ये ती विरारपर्यंत पोहोचली. महाविद्यालयेही याच रुळांच्या कडेने उत्तरेकडे उभी राहत गेली: १९३० मध्ये जोगेश्वरीला इस्माईल युसुफ, १९३७ मध्ये माटुंग्याला रुईया, १९४६ मध्ये अंधेरीला भवन्स, १९५९ मध्ये पार्ल्याला आजचे साठ्ये, १९७२ च्या सुमारास मालाडला दालमिया. भाईंदरच्या मुलाला १९३० पर्यंत पदवीसाठी चाळीसेक किलोमीटर जावे लागे. जोगेश्वरीने ते अंतर निम्म्यावर आणले. मिठागरांवरच्या आणि कोळीवाड्यांतल्या घरांना परवडणारा हा पहिला उच्चशिक्षणाचा प्रवास, कारण त्यात राहण्याचा खर्च नव्हता आणि पोर रात्री घरी जेवायला येत होते.

या प्रवासाचा कागद म्हणजे विद्यार्थी सवलतीचा पास. महाविद्यालयाच्या कार्यालयातून ‘कन्सेशन’ घ्यायचे, त्यावर नाव, वय, वर्ग, घराजवळचे स्थानक, कॉलेजजवळचे स्थानक आणि मुदत महिन्याची की तिमाहीची, एवढा मजकूर, खाली सही-शिक्का. तो कागद तिकीट खिडकीवर दिला की पास मिळतो. कारणाचा रकाना त्यात नसतोच, कारण दोन स्थानके लिहिली की कारण लिहून झालेले असते. पण भाईंदर ते चर्चगेट असा पास खिशात असला की मधल्या प्रत्येक स्थानकावर उतरण्याचा हक्कही खिशात येतो. दादरला उतरून पुस्तकांची दुकाने, चर्नी रोडला चौपाटी आणि नाटकाची थिएटरे, चर्चगेटला जहांगीर आर्ट गॅलरी आणि मैदानावरचे क्रिकेट, हे सगळे त्याच पासावर चढत-उतरत पाहता येते. वर्ग सुटल्यानंतरची विरार लोकल चुकली, हे उत्तर अनेक घरांत चालून जाते. मुलींच्या बाबतीत महिलांच्या डब्याने आणि १९९२ मध्ये पश्चिम रेल्वेने सुरू केलेल्या लेडीज स्पेशलने हेच काम केले. सुरक्षिततेसाठी केलेली ती सोय होती, पण ती आली आणि मुलीला लांबच्या कॉलेजात पाठवायला काचकूच करणाऱ्या घरांना एक भरवशाचे उत्तर मिळाले.

याला प्रवास म्हणायचे का, असा आक्षेप येईल, आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. दारात लोंबकळत, विरारच्या गाडीत भाईंदरला उतरण्यासाठी धडपडत जाणाऱ्या मुलांचे हाल हे शिक्षण नव्हे. या मार्गावर माणसे रुळांवर मरतात, पडून जायबंदी होतात. त्या त्रासाचे कौतुक करणे क्रूरपणाचे ठरेल. पण पर्यटनाची व्याख्या घरापासून दूर रात्र काढण्यावर बसवली तर बहुसंख्य मराठी विद्यार्थ्यांचा जगाशी झालेला पहिला परिचय त्या व्याख्येतून निसटतो. प्रश्नावलीतल्या नऊ हेतूंपैकी नावीन्य, सुटका, स्वतःचा शोध आणि मैत्री हे हेतू या पासाने वर्षानुवर्षे पुरवले. ते मोजले गेले नाहीत, कारण रेल्वेच्या, कॉलेजच्या आणि घराच्याही नोंदीत हा फक्त शिकायला जाण्याचा प्रवास होता.

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत मीरा-भाईंदरमध्येच महाविद्यालये उभी राहिली. शंकर नारायण, अभिनव, रॉयल, तिवारी अभियांत्रिकी अशी नावे आज शहरातल्या प्रत्येक दहावी-बारावीच्या घरात माहीत आहेत. हा निखळ लाभ आहे. ज्या मुलीला अंधेरीपर्यंत पाठवले नसते ती आज रिक्षाने किंवा चालत पदवीपर्यंत पोहोचते. मात्र या लाभाबरोबर पासाच्या सावलीत चालणारा दुसरा अभ्यासक्रम बंद पडला, आणि त्याची जागा भरून काढायला नवी मान्य कारणे शोधावी लागली. १९६९ मध्ये ३७ विद्यापीठांत सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे निवासी शिबिर हे त्यांतले जुने कारण. खेड्यातल्या श्रमदानासाठी म्हणून अनेक मुली प्रथमच घराबाहेर आठवडाभर राहिल्या. नवे कारण म्हणजे औद्योगिक भेट, विद्यार्थ्यांच्या तोंडी ‘आयव्ही’. मनाली, केरळ किंवा गोवा असा चार-सहा दिवसांचा बेत, त्यात एका कारखान्यात काही तास, प्राध्यापक सोबत, पालकांचे संमतीपत्र आणि शेवटी भेट दिल्याचे प्रमाणपत्र. कारखाना पाहण्यासाठी मनालीला जाण्याची गरज नाही, हे पालकांना, प्राध्यापकांना आणि मुलांनाही ठाऊक असते. तरीही कारखाना कार्यक्रमातून वगळता येत नाही, कारण संमतीपत्रावर पालकाची सही त्याच्यासाठीच मिळते.

सर्वांत दूरचा प्रवासही याच नियमाने बांधलेला आहे. परदेशी विद्यापीठात अर्ज करणारा विद्यार्थी आज आपल्या उद्देशाचे निवेदन लिहितो. त्यासाठी शिकवण्या लागतात, नमुने फिरतात आणि सगळ्या निवेदनांतून महत्त्वाकांक्षेचा एकच सूर निघतो. अमेरिकेच्या विद्यार्थी-व्हिसाच्या मुलाखतीत शिक्षण संपल्यावर मायदेशी परतण्याचा इरादा पटवून द्यावा लागतो. आनंदीबाईंना श्रीरामपुरात विचारलेले प्रश्न यांच्याशेजारी ठेवून पाहावेत: तिकडेच का, इथे का नाही, अडचण आली तर काय, परत येणार ना. विचारणारी जात जाऊन वाणिज्य दूतावासाचा अधिकारी आला, आणि घरच्या बाजूने शिक्षणकर्ज देणारी बँकही आली. कर्जाच्या हप्त्याने बांधलेल्या मुलाला करिअरखेरीज दुसरा हेतू सांगण्याची मुभाच उरत नाही. अशा मुलाला प्रश्नावली दिली तर तो करिअरवर खूण करणार, आणि भारतीय विद्यार्थी उपयुक्ततेसाठीच प्रवास करतो असा निष्कर्ष छापून येणार. त्याने खूण केली ती आपल्या बंधनावर, हे त्या तक्त्यात कुठेच दिसणार नाही.

कारणाची ही सक्ती वाईटच का मानावी, असाही एक शेवटचा प्रश्न राहतो. सक्तीमुळेच आनंदीबाई डॉक्टर झाल्या, आंबेडकर अर्थशास्त्रज्ञ झाले, काशीच्या वाटेने विद्या टिकली. हेतूविना भटकंतीने यांतले काय साधले असते? हे खरे आहे, आणि उपयोगी कारणाला कमी लेखण्याचे काही कारण नाही. पण सक्तीची किंमत सगळ्यांनी सारखी मोजलेली नाही. ज्याच्यापाशी मान्य कारण होते तो निघाला आणि वाटेत कारणाहून मोठे काही मिळवून आला. ज्याच्यापाशी नव्हते तो राहिला. काशीची वाट ब्राह्मण मुलाला होती, आगऱ्याच्या मुलाला नव्हती; पासाची वाट कॉलेजच्या मुलाला होती, शाळा सोडून मिठागरावर गेलेल्याला नव्हती; आयव्हीची वाट पैसे भरू शकणाऱ्याला आहे, त्याच वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला नाही. कुतूहल सर्वांत सारखे वाटले गेले असावे. परवानगी मात्र कधीच सारखी वाटली गेली नाही. विद्यार्थ्यांच्या प्रवासाचा इतिहास लिहिताना म्हणून हेतूंची यादी करण्याआधी परवानगी कोणाला होती याची यादी करावी लागते.

त्यावरून निघणारे काम साधे आहे आणि ते मीरा-भाईंदरसारख्या शहरालाच आधी करता येण्याजोगे आहे. येथल्या महाविद्यालयांच्या आवाक्यात उत्तनजवळचा धारावीचा किल्ला आहे, वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकून घेतलेला. १७३७ मध्ये मराठ्यांच्या हाती आलेला घोडबंदर आहे. खाडी ओलांडली की १७३९ मध्ये पडलेला वसईचा किल्ला आणि त्यातले येशूसंघीयांच्या विद्यालयाचे अवशेष आहेत. बस आणि लोकलच्या भाड्यात ही सगळी ठिकाणे पाहून होतात. वर्षातले काही दिवस महाविद्यालयाने स्वतःच्या वेळापत्रकात, सही-शिक्क्यानिशी, केवळ पाहण्यासाठी म्हणून राखून ठेवले आणि त्यासाठी लागणारे भाडे शेवटच्या बाकावरच्या मुलीलाही मिळेल अशी तजवीज केली, तर ‘पाहायला जाते’ हे कारण घरात सांगण्याजोगे होईल. काशी, बोर्डिंग आणि पास या तिन्ही परवानग्या माणसांनीच घडवल्या होत्या. चौथी घडवणे त्यांच्याहून कठीण नाही.